औषधाचा गांजा आणि भरलेली बंदूक

मिशिगनमध्ये 15 नोव्हेंबरला बंदुकीने हरणं मारण्याचा हंगाम सुरू होतो. आपल्याकडे 1972 च्या कायद्याखाली शिकारीला बंदी आहे, त्यामुळे मी हे सगळं इथे आल्यावरच शिकलो. इथल्या मतदारांनी 2008 साली औषधी गांजाला आणि 2018 साली सरसकट गांजाला मान्यता दिली. आमच्या शिकारीच्या टोळीत केमोथेरपी सोसलेले, पाठदुखीने रात्र रात्र जागणारे लोक आहेत. त्यांच्यातले काही गांजा घेतात, आणि त्यांना आराम पडलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. तरीही शिकारीला निघताना हे पाळा.

1. आदल्या रात्री सगळ्यांना विचारा. फक्त गांजाबद्दल विचारलंत, तर आजारी माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. म्हणून झोपेची गोळी, वेदनाशामक, बिअर, गांजा, सगळं एका दमात विचारायचं आणि सुरुवात वडीलधाऱ्याने स्वतःपासून करायची.

2. घड्याळ बघा. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो. खाल्लेल्याला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो आणि मग अंमल सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त राहतो. पहाटे पाचला कॉफीबरोबर एक गमी तोंडात टाकली, अंधारात मचाणाची शिडी चढली, पट्टा बांधला, तोवर काहीच जाणवत नाही. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी गोळी झाडायची मुभा सुरू होते, झाडीत काहीतरी हलतं आणि नेमका तेव्हाच अंमल वर येतो. वेळेचा आणि अंतराचा अंदाज चुकतो, हात उशिरा हलतो. समोरचं नीट ओळखल्याशिवाय आणि त्याच्या मागे काय आहे हे कळल्याशिवाय चापावर बोट ठेवायचं नाही, हा इथल्या प्रशिक्षणाचा पहिल्या दिवसाचा धडा. तो पाळायला लागते ती शुद्धच गांजा पातळ करतो.

3. हाका घालताना कसलीही सवलत नाही. निम्मे लोक झाडीतून हरणं हुसकावत येतात, निम्मे पुढे बंदुका घेऊन उभे. पळत्या हरणामागे नळी फिरली की तिच्यासमोर कुणाचातरी मुलगा येऊ शकतो. नारिंगी जाकीट आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ते ओळखायलाही बघणाऱ्याचं डोकं ताळ्यावर लागतं.

4. ‘मला सवय आहे, काही होत नाही’ हे प्रामाणिकपणे म्हटलेलं असलं तरी मान्य करू नका. सवयीने अंमल कमी जाणवतो. तो किती उरला आहे, हे जंगलात मोजता येत नाही.

5. औषध सोडायला मात्र कुणालाही सांगू नका. दुखण्याने कळवळणारा माणूसही बंदुकीमागे धोकादायकच. डोसाची वेळ त्याने डॉक्टरांशी बोलून ठरवावी आणि ज्या दिवशी औषध, त्या दिवशी बंदूक कपाटात. तळावर काम कमी नसतं. कोण कुठल्या मचाणावर आहे याची वही ठेवणं, रस्सा रटरटत ठेवणं, कुणी वेळेत परतलं नाही तर फोन लावणं. आमच्याकडे हे काम मानाचं आहे आणि मांसात वाटाही सारखाच.

6. कायदा. राज्याची परवानगी संघराज्याच्या कायद्यापुढे ढाल होत नाही. 1968 चा बंदूक कायदा बेकायदा अमली पदार्थ घेणाऱ्याला बंदूक बाळगू देत नाही. दुकानात बंदूक घेताना भरायचा 4473 क्रमांकाचा फॉर्म त्याबद्दल थेट विचारतो आणि तिथे खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा. न्यायालयांत यावर वाद होत असतात, पण त्यांच्या भरवशावर राहू नये. नागरिक नसलेल्यांचं तर आणखी अवघड. राज्यात कायदेशीर असलेल्या गांजानेही नागरिकत्वाचा अर्ज अडू शकतो, असं 2019 मध्ये इमिग्रेशन खात्याने स्पष्ट केलं आहे. व्हिसावर किंवा ग्रीनकार्डावर असलेल्या मराठी मंडळींनो, औषधी गांजाचं कार्ड काढण्याआधी आणि बंदूक हातात घेण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा.