दुपारी तीननंतरची बाबागाडी

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस, "मावशी, सात वर्षांच्या घोड्याला बाबागाडी? लोक काय म्हणतील?" तेव्हा घरात पाहुणे होते, नीट सांगता आलं नाही. म्हणून आज सगळं सविस्तर लिहिते. जूनमध्ये तुम्ही ऑर्लँडोला चाललात, चार दिवस डिस्ने वर्ल्डमध्ये काढणार आहात. मी लेकीच्या कुटुंबाबरोबर तिथे दोनदा जाऊन आले आहे, एकदा बाबागाडीशिवाय आणि एकदा बाबागाडी घेऊन. पहिल्या खेपेचा अनुभव पदरात पडला म्हणून दुसऱ्या खेपेला शहाणपण सुचलं.

पहिल्या वेळी नातवाला सहा पूर्ण झाली होती. बाबागाडी नको, असं मीच म्हणाले होते. रोज शाळेतून चालत येणारा, जोतिबाच्या पायऱ्या माझ्याआधी चढणारा पोरगा, त्याला गाडी कशाला? सकाळी तो आमच्यापुढे धावत होता. दुपारचं जेवण झालं, एक मोठी रांग झाली, आणि चारच्या सुमाराला तो रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला. रडला नाही, हट्टही केला नाही. नुसता बसला. तिथून पुढे जावयांनी त्याला कधी कडेवर, कधी खांद्यावर घेतलं. रात्री मॅजिक किंगडमच्या किल्ल्यावर आतषबाजी सुरू झाली तेव्हा हा बापाच्या खांद्यावर गाढ झोपलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाचा पेला समोर ठेवून विचारतो, "मला उठवलं का नाही?" त्या आतषबाजीसाठी तो दोन महिने दिवस मोजत होता. त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

म्हणून सांगते, पोराला चालता येतं का हे विचारू नकोस. दुपारी तीन वाजता पाय किती उरलेले असतील, ते विचार. त्या दिवशी लेकीच्या घड्याळात बावीस हजार पावलं भरली होती. पोराचे पाय आखूड, त्याची पावलं त्याहून जास्त. त्यात रांगेतलं उभं राहणं कुठलंच घड्याळ मोजत नाही, आणि मुलांना चालण्यापेक्षा उभं राहणं जड जातं. एपकॉट पार्कात तळ्याभोवती अकरा देशांचे भाग मांडले आहेत. नुसती ती एक फेरी जवळपास 2 किलोमीटरची. ॲनिमल किंगडम तर डिस्ने वर्ल्डच्या चारही पार्कांत सर्वांत पसरलेला.

आणि तुम्ही थेट पुण्याहून जाणार, हे विसरू नकोस. उन्हाळ्यात फ्लोरिडाचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. तिथे दुपारचे दोन वाजले की पुण्यात रात्रीचे साडेअकरा. पहिले तीन-चार दिवस पोराचं शरीर पुण्याच्याच वेळेने चालतं. भर उन्हात त्याचे डोळे मिटायला लागले तर तो आळस नव्हे, त्याच्या शरीरात तेव्हा मध्यरात्र असते.

लोकांचं म्हणशील, तर चैत्रात जोतिबाच्या यात्रेला सात-आठ वर्षांची किती पोरं बापाच्या खांद्यावर असतात ते आठव. सासनकाठ्या दिसाव्यात, गर्दीत पाय चेंगरू नयेत, म्हणून बाप त्यांना उचलून घेतो. "एवढा मोठा झाला आणि खांद्यावर?" असं तिथे कोणी म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही. बाबागाडीलाही तसाच चाकं लावलेला खांदा समज. फरक इतकाच की संध्याकाळी बापाची कंबर शाबूत राहते.

आता गाडी कुठली घ्यायची ते. इथे चूक झाली तर पुढचं सगळं अवघड होतं.

पार्कात फाटकाच्या आतच भाड्याची गाडी मिळते. ती कडक प्लास्टिकची असते, पाठ मागे झुकत नाही, पण बांधा मजबूत. एकट्या मुलाच्या गाडीला 50 पौंडांपर्यंत वजन चालतं, म्हणजे साधारण 23 किलो. दिवाळीत तुझ्या चिरंजीवांना उचललं तेव्हा ते 22 किलोंच्या आत-बाहेर वाटले, म्हणजे जेमतेम. त्या अंगाचं मूल असेल तर जोडगाडी घ्यावी, तिला 100 पौंड चालतात. भाडं जास्त पडतं, पण मांडी घालून बसता येतं आणि शेजारी पिशवी राहते. त्याच दिवशी दुसऱ्या पार्कात जायचं असेल तर भाड्याची पावती जपून ठेव, ती दाखवली की तिथे पुन्हा पैसे न भरता गाडी मिळते.

पण ह्या गाडीची एक मोठी अडचण आहे. ती पार्काच्या फाटकाबाहेर नेता येत नाही. आणि दिवसातलं सर्वांत जड चालणं फाटकाबाहेरच असतं, रात्री, झोपलेलं पोर घेऊन. मॅजिक किंगडमचा गाडीतळ फाटकाशी नाही. मध्ये मोठं तळं आहे. ते मोनोरेलने नाहीतर बोटीने ओलांडायचं, मग गाडीतळावरून आपली मोटार गाठायची. तुम्ही बाहेरच्या हॉटेलात उतरणार, म्हणजे हे रोजचंच. म्हणून माझं मत विचारशील तर ऑर्लँडोत बाहेर भाड्याने मिळणारी चांगली गाडी चारही दिवसांसाठी घे. हॉटेलवर ती कोणी ताब्यात घ्यायची, परत कुठे द्यायची, हे आधीच विचारून ठेव.

घेताना पोराला त्यात बसवून बघ. डोकं छपराला लागता कामा नये, आणि पावलं ठेवायला खाली फळी हवी. नाहीतर मोठ्या मुलाचे पाय जमिनीला घासत जातात आणि बूट चाकात अडकतात. दुकानात स्वस्तात मिळणारी, छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी मोहात पाडते. तिच्यावरचा वजनाचा आकडा वाचल्याशिवाय घेऊ नकोस. बऱ्याचशा 15 ते 20 किलोंपुरत्याच असतात. आकाराचाही नियम आहे. मे 2019 पासून डिस्नेच्या पार्कांत 79 सेंटिमीटरपेक्षा रुंद किंवा 132 सेंटिमीटरपेक्षा लांब गाडी आत घेत नाहीत. पुढून ओढायची, पेटीसारखी वॅगन तर मुळीच चालत नाही.

गाडी कुठे मिटावी लागते हे माहीत असू दे. मोनोरेल, तळ्यावरची मोठी बोट आणि रोपवेसारखी स्कायलायनर, यांत गाडी तशीच ढकलत नेता येते. बसमध्ये आणि गाडीतळावरच्या ट्रॅममध्ये मिटावी लागते. मिटण्याचा सराव हॉटेलच्या खोलीत पाच-सहा वेळा कर. रात्री पोराला कोणी उचलायचं आणि गाडी कोणी मिटायची, हे सकाळीच ठरवा. अकरा वाजता, मागे माणसं खोळंबलेली असताना, ते ठरत नाही. नवरा-बायकोची भांडणं होतात ती तिथेच.

रांगेत गाडी नेता येत नाही. प्रत्येक राइडबाहेर गाड्या लावायची जागा असते, तिथे सोडून जायचं. परत आल्यावर गाडी जागेवर दिसली नाही तर छातीत धस्स करून घेऊ नकोस. तिथले कर्मचारी गाड्या सरकवून ओळी नीट लावत असतात. दहा-पंधरा पावलं इकडे-तिकडे बघ, सापडते. मात्र शंभर गाड्यांत आपली ओळखू यायला हवी. मी जुन्या खणाच्या चोळीच्या काठाची पट्टी दांड्याला बांधली होती. त्या गर्दीत दुसऱ्या कुणाकडे खण असणार नाही.

गाडीत ठेवायचं ते चोरीला गेलं तरी चालेल असंच. पासपोर्ट, पैसे, फोन, औषधं आपल्या खांद्याच्या पिशवीत. आणि दांड्याला जड पिशव्या अडकवू नकोस. पोर बसलेलं असतं तोवर तोल राहतो. ते उडी मारून उतरलं की गाडी मागे कलंडते. पाण्याच्या चार-चार बाटल्या वागवायची गरज नाही. खाण्याच्या साध्या काउंटरवर मागितलं की बर्फाचं पाणी पेल्यात फुकट देतात. तुझ्या सासूबाई बरोबर असतील तर त्यांनाही सांग, गाडीच्या दांड्यावर भार देऊन चालू नका. माझे गुडघे दुखायला लागले तेव्हा मी तसं केलं, पुढची चाकं उचलली गेली आणि आत पोर होतं. वाईट प्रसंग थोडक्यात टळला. वयस्कर माणसाला दमायला होत असेल तर चाकाची खुर्ची भाड्याने घ्यावी. त्यात संकोच कसला?

जूनमध्ये तिथे आपल्या कोकणासारखा दमट उकाडा असतो आणि दुपारनंतर विजांसह पावसाची जोरदार सर येते. जेवणाच्या टेबलावर अंथरतात तसलं प्लास्टिक आणि कपड्यांचे चार चिमटे बरोबर घे. राइडला जाताना गाडीवर टाकून चिमटे लावायचे. ओल्या गादीवर बसलेलं पोर संध्याकाळभर किरकिरतं. पण पोर आत असताना उन्हासाठी जाड पांघरूण टाकून गाडी झाकू नकोस. आतली हवा कोंडते आणि गाडी भट्टीसारखी तापते. सुती ओढणी एका बाजूने, तीही वारा खेळेल अशी. उन्हात उभ्या गाडीत बसवण्याआधी पट्ट्यांच्या धातूच्या कड्यांना हात लावून बघ.

हे झालं गाडीचं. खरी कसोटी पोराच्या मनाची. सात वर्षांच्या मुलाला मान असतो, आणि आपल्यापेक्षा नाजूक असतो. त्याच्यासमोर 'बाबागाडी' हा शब्द काढूच नकोस. आमच्याकडे दुसऱ्या खेपेला नातवाने तिचं नाव 'ठाणं' ठेवलं होतं. दमलं की ठाण्यावर परत यायचं, त्याचा नकाशा आणि खाऊ तिथेच ठेवलेला. सकाळी त्याला चालू दे, गाडी रिकामी ढकलत ने, हवं तर त्यालाच ढकलू दे. दर तासाला हळूच विचार, "पाय काय म्हणतात?" बसायचं की नाही ते तो ठरवेल. "नीट चाल, नाहीतर गाडीत बसवीन" असं चुकूनही म्हणू नकोस. गाडी शिक्षा झाली की थकलेलं पोरसुद्धा त्यात बसत नाही, आणि मग सगळा खटाटोप वाया.

स्पेस माउंटन या राइडला किमान उंची 112 सेंटिमीटर लागते. तुझा मुलगा त्यात बसेल, ओरडेल, आणि बाहेर आल्यावर गाडीत पाय दुमडून आडवा होईल. कोणी बघून हसलं तर हसू दे. मोठ्या राइडमध्ये बसायला उंची लागते, दिवसभर चालायला पायांत बळ लागतं. ती दोन्ही एकाच वयात येत नाहीत.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. पहिल्या खेपेला आमच्यापुढे एक बाई नऊ-दहा वर्षांच्या मुलाला गाडीत घेऊन चालली होती. माझ्या मनात आलं, काय हे लाड! तेवढ्यात कुठेतरी ढोल वाजले. त्या मुलाने दोन्ही कानांवर हात दाबले आणि अंग आक्रसून घेतलं. आईने गाडीचं छप्पर खाली ओढलं, त्याच्या कानांवर आवाज अडवणारे हेडफोन लावले आणि शेजारी गुडघ्यांवर बसून राहिली. मी त्या माउलीबद्दल मनात काय बोलले होते, याची मला अजून लाज वाटते. बाहेरून दिसत नाही असं पुष्कळ असतं. कुणाच्या हृदयाला त्रास, कुणाचे स्नायू कमजोर, कुणाला गर्दीच सोसत नाही. अशा मुलांसाठी गेस्ट रिलेशन्सच्या कचेरीत जाऊन सांगितलं की गाडीला एक खूणचिठ्ठी बांधून देतात. मग ती चाकाच्या खुर्चीसारखी धरली जाते आणि रांगेत नेता येते. तुझ्या नणंदेला हे जरूर सांग. तिच्या मुलीमुळे ती असल्या प्रवासाचं नावच काढत नाही. चिठ्ठी मात्र ज्यांना गरज आहे त्यांनीच घ्यायची. आपलं पोर नुसतं दमलेलं आहे, त्याला गाडीच पुरे.

रात्री आतषबाजी संपली की सगळी गर्दी एकदम मॅजिक किंगडमच्या मेन स्ट्रीटवरून फाटकाकडे लोटते. त्यात गाडी घुसवू नकोस. पुढच्याच्या घोट्यांवर चाक आदळतं आणि लागतं जोरात. कडेला वीसेक मिनिटं थांबा, ब्रेक लावून. पोर झोपलं असेल तर झोपू दे. दुसऱ्या खेपेला आमचा नातू साडेपाचला गाडीत झोपला आणि सातला आपोआप उठला. आतषबाजीचा पहिला बार निघाला तेव्हा तो गाडीतून उतरून, बापाचा हात धरून, स्वतःच्या पायांवर उभा होता.

खणाच्या दोन पट्ट्या उद्या कुरियरने पाठवते. एक दांड्याला बांध, दुसरी पिशवीत राहू दे. खणाचा रंग पावसात जातो, तेव्हा पट्टी पांढऱ्या कपड्यांशेजारी ठेवू नकोस.