व्यापार धोरणाची कार्यशाळा : विद्यार्थ्यांसाठी आंतरवासिता

1 जानेवारी 1995 रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली आणि व्यापाराचे नियम हे केवळ निर्यातदारांचे क्षेत्र उरले नाही. शेतकऱ्याची आधारभूत किंमत, औषधांचे पेटंट, शिधावाटप दुकानातील धान्य हे सारे विषय जिनिव्हातील वाटाघाटींशी जोडले गेले. या वाटाघाटींसाठी अर्थशास्त्र आणि कायदा या दोहोंची जाण असलेले मनुष्यबळ लागते. ते घडविण्याचे एक साधन म्हणजे इंटर्नशिप, अर्थात आंतरवासिता.

संधी कोठे?

जागतिक व्यापार संघटनेच्या सचिवालयातील आंतरवासिता पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी असून तिचा कमाल कालावधी 24 आठवड्यांचा असतो. तीमुळे कायम नोकरीचा हक्क मात्र प्राप्त होत नाही. भारतात भारतीय विदेश व्यापार संस्थेशी संलग्न असे 1999 मध्ये स्थापन झालेले जागतिक व्यापार संघटना अध्ययन केंद्र आणि 2016 मध्ये स्थापन झालेले व्यापार व गुंतवणूक कायदा केंद्र ही या विषयाची प्रमुख अभ्यासकेंद्रे आहेत. दोन्ही केंद्रे वाणिज्य मंत्रालयाला साहाय्य करतात.

कामाचे स्वरूप

कराराचा मजकूर, सदस्य देशांनी सादर केलेल्या अधिसूचना आणि पूर्वीच्या तंट्यांतील निर्णय यांचे वाचन करून त्यांचे संक्षिप्त टिपण तयार करणे, हे अशा कामाचे मूळ होय. त्यातील बारकावा पुढील उदाहरणावरून स्पष्ट होईल.

कृषी करारानुसार विकसनशील देशाला एखाद्या पिकासाठी त्याच्या एकूण उत्पादनमूल्याच्या 10 टक्क्यांपर्यंत साहाय्य देता येते. आधारभूत किंमत आणि 1986-88 या काळावर आधारित स्थिर संदर्भ किंमत यांतील फरकाला पात्र उत्पादनाने गुणून हे साहाय्य मोजतात. समजा, एका पिकाची आधारभूत किंमत 2000 रुपये व संदर्भ किंमत 1500 रुपये प्रति क्विंटल आहे. उत्पादन 100 क्विंटल असून सरकारने त्यांपैकी 30 क्विंटल खरेदी केले. आधारभूत किमतीने उत्पादनमूल्य 2 लाख रुपये होते. म्हणजे मर्यादा 20 हजारांची. प्रत्यक्ष खरेदी हेच पात्र उत्पादन मानल्यास साहाय्य 15 हजार रुपये, म्हणजे मर्यादेच्या आत ठरते. संपूर्ण उत्पादन पात्र मानल्यास तेच 50 हजारांवर जाऊन मर्यादा ओलांडते.

एका संज्ञेच्या अर्थावर धोरणाची वैधता अवलंबून राहते, ती अशी. मे 2018 मध्ये अमेरिकेने भारताच्या गहू व तांदळावरील साहाय्याची आकडेवारी मांडून आक्षेप घेतला, त्यामागे गणनेच्या पद्धतीचाच वाद होता.

शांतता कलम

डिसेंबर 2013 मधील बाली परिषदेत सार्वजनिक धान्यसाठ्यासाठी तथाकथित ‘शांतता कलम’ मान्य झाले. कायमस्वरूपी तोडगा निघेपर्यंत ते लागू राहील, हे नोव्हेंबर 2014 मध्ये महापरिषदेने स्पष्ट केले. मात्र त्याचे संरक्षण त्या वेळी अस्तित्वात असलेल्या योजनांनाच असून माहिती वेळेवर अधिसूचित करणे ही त्याची अट आहे. 2018-19 मध्ये तांदळाचे उत्पादनमूल्य सुमारे 43.67 अब्ज डॉलर आणि साहाय्य सुमारे 5 अब्ज डॉलर झाल्याने मर्यादा ओलांडली गेली. भारताने 2020 मध्ये तसे कळवून या कलमाचा आधार घेतला. बिनचूक अधिसूचना हेच येथे शेतकऱ्याच्या व शिधापत्रिकाधारकाच्या हिताचे कवच ठरते.

पूर्वतयारी

विद्यार्थ्याने मूळ करार वाचण्याची सवय लावावी, एका पिकाची गणना स्वतः करून पाहावी आणि दोन पानांत नेमका निष्कर्ष मांडण्याचा सराव करावा. स्पर्धा परीक्षेतील उत्तरालाही त्यामुळे आधार लाभतो. आंतरवासिता काही आठवड्यांत संपते. परंतु आकड्यामागील कलम आणि कलमामागील माणूस पाहण्याची दृष्टी कायम सोबत राहते.