खाड्यांच्या वाटेने

आगगाडीने जाणारा प्रवासी स्थानके पाहतो. मोटारीने जाणारा मैलांचे दगड मोजतो. पायी चालणाऱ्याला सर्व काही दिसते, परंतु दिवसभरात त्याची मजल फार होत नाही. या दोहोंच्या मधले साधन म्हणजे सायकल. सावकाश चालविली, तर ती तासाला बारा-पंधरा किलोमीटर अंतर कापते. तिच्यावर बसलेल्याला रानातील पाखरांचा शब्द ऐकू येतो, मोहोराचा वास येतो, आणि वाटेत काही पाहण्याजोगे दिसले की पाय टेकून उभे राहता येते. जेथे पाहण्याजोगी स्थळे पावलापावलावर आहेत, अशा प्रदेशात तर सायकलीसारखा सोबती नाही. आपल्या कोकणचा किनारा हा असाच एक प्रदेश होय. चला, मुलांनो, अलिबागहून हर्णैपर्यंतची सायकलयात्रा आज आपण मनाने करू या.

निघण्यापूर्वी नकाशा समोर ठेवा. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून निघणाऱ्या नद्या थोड्याच अंतरात समुद्राला मिळतात. समुद्राचे पाणी त्यांच्या मुखातून दूरवर आत शिरते. त्यालाच आपण खाडी म्हणतो. किनाऱ्याने जाणारी वाट अशा खाड्यांनी जागोजाग तोडली आहे. परंतु जमिनीवरची वाट जेथे तुटली, तेथेच समुद्रावरची वाट उघडली. भरतीबरोबर गलबते खाडीत शिरत, आतल्या बंदरात माल उतरवीत, आणि तो माल बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर जाई. खाडीचे मुख ज्याच्या हाती, त्याच्या हाती व्यापार आणि जकात. म्हणून जवळजवळ प्रत्येक मुखावर एखादा किल्ला उभा आहे. ही एक गोष्ट ध्यानात ठेवलीत, म्हणजे पुढच्या प्रवासाचा अर्थ आपोआप उलगडत जाईल.

अलिबागच्या समोर, समुद्रात, कुलाबा किल्ला आहे. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये त्याचे काम सुरू करविले. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे ते एक प्रमुख ठाणे झाले. ओहोटीच्या वेळी तेथे पायी जाता येते. भरती आली की वाट बुडते. या तटाचे प्रचंड चिरे चुन्याने सांधलेले नाहीत, ते नुसतेच एकावर एक रचलेले आहेत. लाट आदळली की पाणी फटींत शिरते आणि तडाख्याचा जोर ओसरतो. समुद्राशी झुंजत बसण्यापेक्षा त्याला थोडी वाट करून द्यावी, हे शहाणपण त्या कारागिरांपाशी होते. भरती-ओहोटीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते; तेव्हा किल्ला पाहावयाचा, तर घड्याळाबरोबर समुद्रालाही विचारावे लागते. सावकाशपणाचा पहिला धडा येथेच मिळतो.

अलिबागेहून दक्षिणेस निघाले, की नारळी-पोफळींच्या वाड्यांतून जाणारी सावलीची वाट लागते. थोड्याच वेळात आक्षी गाव येते. मोटारी येथून भरकन निघून जातात. आपण मात्र उतरावे. येथे एक जुना शिलालेख आहे. शिलाहार राजा केशिदेव याच्या काळातील या लेखात देवीसाठी धान्य देण्याची नोंद कोरलेली आहे. हा लेख शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा, असे अनेक अभ्यासक मानतात. मराठी भाषेच्या सर्वांत जुन्या कोरीव लेखांत त्याची गणना होते. आज आपण जी भाषा बोलतो, तिची इतकी जुनी खूण एखाद्या राजवाड्यात नव्हे, तर वाड्यांनी वेढलेल्या एका लहान गावात सापडावी, ही केवढी नवलाची गोष्ट!

पुढे चौल आणि रेवदंडा ही जोडगावे लागतात. चौल हे प्राचीन बंदर. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी विकण्यासाठी एक घोडा घेऊन याच बंदरात उतरला होता. पुढे पोर्तुगीजांनी रेवदंड्यास तटबंदी केली. तिचे पडके बुरूज अजून माडांच्या गर्दीत उभे आहेत. कुंडलिकेच्या खाडीवरील पूल ओलांडला की समोर कोर्लईची टेकडी आणि तिच्यावरचा किल्ला दिसतो. १७४० मध्ये पोर्तुगीजांनी हा मुलूख मराठ्यांच्या स्वाधीन केला आणि त्यांचे सैन्य निघून गेले. परंतु त्यांची भाषा गेली नाही. कोर्लई गावातील काही कुटुंबे आजही घरात एक निराळी बोली बोलतात. तिचे बरेचसे शब्द पोर्तुगीजांतून आलेले आहेत, आणि वाक्यांच्या घडणीवर मराठीचा ठसा उमटला आहे. किल्ले ढासळले; माणसांच्या ओठांवरचे शब्द मात्र टिकून राहिले.

यानंतर डोंगराची चढण लागते. ती चढवेना, तर उतरून सायकल हाताने न्यावी. त्यात कमीपणा नाही. मुरूड ओलांडून राजपुरीच्या खाडीशी आले, की पाण्यात उभा असलेला जंजिरा दृष्टीस पडतो. या सिद्दींच्या किल्ल्याला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी जवळच समुद्रात पद्मदुर्ग बांधला. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी किनाऱ्यापासून दगडांचा सेतू घालण्याचा प्रयत्न केला. तरीही जंजिरा हाती आला नाही; १९४८ मध्ये जंजिरा संस्थान विलीन होईपर्यंत तो सिद्दींकडेच राहिला. राजपुरीहून शिडाच्या होडीने तेथे जाताना वारा पडला, तर होडी रेंगाळते. त्या वेळी ध्यानात येते, की या तटावर चालून येणाऱ्याला दगडांपूर्वी वारा आणि पाणी यांच्याशीच लढावे लागत असे.

आगरदांड्याहून दिघीला फेरीबोटीने पार झाले, की आपण श्रीवर्धनच्या मार्गाला लागतो. १७१३ मध्ये पेशवेपद मिळालेले बाळाजी विश्वनाथ हे या श्रीवर्धनचे. पुढे बागमांडल्याला सावित्रीची खाडी आडवी येते. पलीकडे बाणकोटचा किल्ला आहे. १७५६ च्या तहाने इंग्रजांनी तो आपल्याकडे घेतला. जवळचे वेळास हे नाना फडणीसांचे मूळ गाव. येथील वाळूत समुद्री कासवे अंडी घालतात, आणि ग्रामस्थ त्यांचे रक्षण करतात. एकेका खाडीच्या काठी इतका इतिहास साठलेला पाहून मन थक्क होते.

हर्णैला सुवर्णदुर्गासमोर आपली यात्रा संपते. तेथून थोड्याच अंतरावर दापोलीजवळचे मुरूड गाव आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे बालपण येथे गेले. एका परीक्षेसाठी ते सोबत्यांसह भर पावसात डोंगर ओलांडून सातारपर्यंत पायी गेले होते. इतके चालून गेल्यावर, वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नाही! आपण हौसेने सावकाश जातो; त्या काळच्या मुलांना सावकाश जाण्यावाचून दुसरा मार्गच नव्हता, हे विसरू नये.

आता या किनाऱ्यावरील खाड्यांवर एकामागून एक पूल होत आहेत. काहींना वाटते, की त्यामुळे जुनी मौज जाईल. परंतु पलीकडच्या रुग्णालयात मध्यरात्री पोहोचावयाचे असलेल्या आजाऱ्याला, रोज खाडी ओलांडून शाळेत जाणाऱ्या मुलाला विचारा. ते पुलाची वाट पाहत आहेत. पूल व्हावेत, हेच योग्य. मात्र आजवर फेरीबोटीची वाट पाहताना आपण नाइलाजाने थांबत होतो आणि समोरचा किल्ला पाहत होतो. पूल झाल्यावर आपल्याला आपल्याच मनाने थांबावे लागेल. थांबलो नाही, तर किल्ला जागेवरच राहील, पण तो आपल्याला दिसणार नाही.

म्हणून मुलांनो, थोडे मोठे व्हाल तेव्हा पावसाळा सरल्यावर, वडीलधाऱ्यांच्या अनुमतीने आणि जाणत्या सोबत्यांबरोबर, अशा एखाद्या यात्रेला अवश्य निघा. पहाटे निघा, उन्हात विसावा घ्या, अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठा. पंक्चर काढण्याचे सामान, पाण्याची बाटली आणि भरती-ओहोटीच्या वेळा लिहिलेली वही जवळ असू द्या. तोवर आपल्या गावापासूनच आरंभ करा. एखादा जुना पार, बारव, वेस किंवा वीरगळ तुमच्याही रोजच्या वाटेवर असेल. उद्या शाळेत जाताना तेथे क्षणभर पाय टेकून पाहा.

स्वाध्याय

१. खाड्यांच्या मुखांवर किल्ले का बांधले गेले?
२. कुलाबा किल्ल्याच्या तटाचे चिरे चुन्याने सांधलेले नाहीत. याचा कोणता उपयोग होतो?
३. पूल व्हावेत असे लेखकाला का वाटते? पूल झाल्यावर प्रवाशाने काय करावे, असे तो सुचवितो?
४. तुमच्या गावातील एखाद्या जुन्या वास्तूविषयी वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.