रुमानियाचे सॅलड आणि आपली हवा

माझा भाचा रुमानियातील क्लुज शहरात डॉक्टरीचे शिक्षण घेतो. दोन वर्षांपूर्वी नाताळात आम्ही उभयता तिकडे गेलो असता त्याच्या घरमालकीणबाईंनी ‘सलाता दे बेफ’ करून दाखवले. ‘बेफ’ म्हणजे गोमांस. शब्द मूळचा फ्रेंच. नाताळ व नववर्षाला हे सॅलड तिथे घरोघरी असते. कोणी गोमांसाऐवजी कोंबडी घालतात, तरी नाव तेच राहते.

अर्धा किलो बिनचरबीचे मांस मंद आचेवर दोन तास शिजवायचे. पाऊण किलो बटाटे व तीन-चार गाजरे सालीसकट उकडायची. वाटीभर मटार वेगळे शिजवायचे. सगळे गार झाल्यावर मटाराएवढे तुकडे करायचे. मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या काकड्या चिरून, घट्ट पिळून घालायच्या, नाहीतर सॅलडला पाणी सुटते. मेयोनीजसाठी एक उकडलेला व एक कच्चा बलक, चमचाभर वाटलेली मोहरी घेऊन, थेंब थेंब पाव लिटर तेल सोडत घोटायचे. थोडे मेयोनीज वरून लिंपण्यासाठी ठेवून बाकीचे त्यात कालवायचे.

मग बाईंनी भांडे झाकून बाल्कनीत ठेवले. बाहेर तापमान शून्याखाली! लागेल तेवढेच आत आणले. ही पायरी त्यांनी तोंडाने सांगितली नाही. त्यांना ती सांगण्यासारखी वाटलीच नसावी.

गेल्या ३१ डिसेंबरला भाच्याने आपल्या गावी कोंबडी घालून तेच सॅलड केले. संध्याकाळी सातला सजवून टेबलावर ठेवले, रात्री बाराला वाढले. दुसऱ्या दिवशी पाच जणांना ताप, उलट्या व जुलाब सुरू झाले. चौघे दोन दिवसांत सावरले. बहिणीच्या शहात्तर वर्षांच्या सासूबाईंची मात्र लघवी कमी झाली व तीन दिवस सलाईन लावावे लागले. ‘‘मामा, कृती तर तीच होती,’’ भाचा रडवेला होऊन म्हणाला. कृती तीच होती, बाल्कनी नव्हती. आणि ती बाल्कनी पाहिलेला मी डॉक्टर त्याच टेबलाशी गप्पा मारत बसलो होतो!

कच्च्या अंड्यात सॅल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. ५ ते ६० अंश सेल्सिअसमध्ये असे जंतू वाढतात. पदार्थाचा वास वा चव बदलेलच असे नाही. तेलंगणाने २०२४ मध्ये व तमिळनाडूने २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली, ती याच भीतीने.

म्हणून वाचकहो, लक्षात ठेवा :

१) मेयोनीजमध्ये दोन्ही बलक पूर्ण उकडलेले घ्या; घोटून ते छान जमते.

२) सॅलड लगेच फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिले तर टाकून द्या. उरलेले दोन दिवसांत संपवा.

३) पाव लिटर तेलात सुमारे २,००० कॅलरी असतात, खारवलेल्या काकडीत मीठ भरपूर. मधुमेह वा रक्तदाब असणाऱ्यांनी दोन चमच्यांवर थांबावे.

४) जुलाब लागताच जलसंजीवनी सुरू करा. लहान मूल, गरोदर स्त्री व वृद्ध यांना त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. लघवी कमी होणे, गुंगी किंवा शौचातून रक्त दिसल्यास तासभरही थांबू नका.

परमुलखाची कृती जरूर आणा. पण तिथली थंडी सोबत येत नाही, ती आपल्याला फ्रीजमधूनच घ्यावी लागते.