परदेशी डिजिटल पाठ आणि आपला वर्ग : पारख कशी करावी?

२०२० च्या टाळेबंदीनंतर शाळाशाळांच्या संगणक कक्षांत परदेशांतून आलेल्या शैक्षणिक साहित्याचा मोठा साठा जमा झाला आहे. माजी विद्यार्थी चित्रफिती पाठवितात, पालक दुवे पाठवितात, आणि ‘सर, हे सारे विनामूल्य आहे, मुलांना अवश्य दाखवा’ असा प्रेमळ आग्रह त्यासोबत असतो. या आग्रहाचा मान राखूनच प्रस्तुत लेखात एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे : एका देशातील शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांसाठी तयार केलेले साधन दुसऱ्या देशातील वर्गात जसेच्या तसे चालते काय, आणि चालत नसेल तर ते ओळखावे कसे?

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने २००१ मध्ये आपले अभ्यासक्रम जगासाठी खुले करण्याची घोषणा केली. पुढच्याच वर्षी पॅरिस येथे युनेस्कोने भरविलेल्या बैठकीत ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ ही संज्ञा रूढ झाली. परंतु या चळवळीतीलच एक अभ्यासक डेव्हिड वायली यांनी फार मोलाची अडचण दाखवून दिली आहे. पाठ विशिष्ट वर्गाच्या, विशिष्ट परिसराच्या जितका जवळ जातो तितका तो त्या वर्गाला अधिक शिकवितो. आणि नेमक्या त्याच कारणाने तो इतरत्र नेणे अवघड होते. उलट परिसराचा गंध काढून टाकला की तो कोठेही चालतो, पण शिकवितो थोडे. पुढील सर्व विवेचनाला हा विरोधाभास पायाभूत आहे.

विज्ञानात ही अडचण कमी भासते. कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला ‘फेट’ हा प्रकल्प त्याचे उत्तम उदाहरण होय. त्यात पडद्यावर घट, तारा आणि दिवे जोडून विद्युतमंडल तयार करता येते. त्यातील अनेक प्रयोग मराठीतही उपलब्ध आहेत. विजेरीचा घट बोल्डरमध्ये आणि भंडाऱ्यात सारखाच वागतो. मात्र त्याच विषयाचा पुढचा पाठ घरगुती विजेचा असेल आणि तो अमेरिकन असेल, तर तेथील १२० व्होल्ट आपल्या मुलांच्या मनात ठसतील. आपल्या भिंतीतील वीज २३० व्होल्टची आहे. हा फरक केवळ परीक्षेतील गुणांचा नव्हे, जिवाचा आहे.

गणितात नाणी, इंच आणि फॅरनहाइट यांचा अडथळा सर्वांनाच दिसतो. मिलियन-बिलियन आणि लाख-कोटी यांचा गोंधळ त्याहून खोल आहे, कारण स्वल्पविरामाची जागाच बदलते. तारखांचे उदाहरण तर आपल्या वाचकांना विशेष जाणवेल. अमेरिकन पद्धतीत महिना आधी लिहितात. तेथील कालरेषेवर १२/६/१९५६ असे छापलेले असेल तर ते ६ डिसेंबर होय, महापरिनिर्वाण दिन होय. आपल्या विद्यार्थ्याला तोच दिवस १२ जून वाटेल, आणि संगणकावर छापलेले आहे म्हणून तो शंकाही घेणार नाही.

तथापि एककांची चूक दुरुस्त करता येते. खरी पारख करावी लागते ती मानव्यविद्यांच्या पाठांत, जेथे प्रत्येक विधान बरोबर असूनही पाठ आपल्या वर्गाला चुकीचा ठरू शकतो. बौद्ध धम्मावरील परदेशी पाठ घ्या. त्यातील चित्रफितीत सिद्धार्थ वृद्ध, रोगी, मृत आणि संन्यासी अशी चार दृश्ये पाहून गृहत्याग करतो. ही कथा जुन्या परंपरेत आहे, त्यामुळे ती रचणाऱ्याचा काही दोष नाही. परंतु बाबासाहेबांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या १९५७ मध्ये प्रकाशित झालेल्या ग्रंथात ही कारणमीमांसा नाकारली आणि शाक्य व कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा पुढे ठेवला. आपल्या मुलांनी घरी ऐकलेली कथा ही आहे. चित्रफीत दाखवून शिक्षक गप्प राहिला, तर मुलाने घरी ऐकलेले आणि वर्गात पाहिलेले यांपैकी एक खोटे ठरते. दोन्ही मांडून परंपरा कशा घडतात हे शिकविले, तर तीच चित्रफीत इतिहासाचा उत्तम तास होते.

जातीविषयीच्या परदेशी पाठांबाबत अधिक सावध राहावे लागते. प्राचीन भारत या प्रकरणात वर्णांचा त्रिकोण काढून सर्वांत खाली, किंवा त्रिकोणाच्याही बाहेर, अस्पृश्यांची पट्टी दाखविणारी चित्रे तेथे सर्रास आढळतात. अमेरिकन मुलाला ती एक माहिती वाटते. आपल्या वसतिगृहातील मुलगा मात्र त्या चित्रात स्वतःची जागा शोधतो आणि त्याला ती पट्टी सापडते; महाड नाही, येवला नाही, नागपूर नाही. शिवाय हे पाठ तेथेही वादातीत नाहीत. २०१६ मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या इतिहास विषयाच्या आराखड्यात जातिव्यवस्थेचा उल्लेख कसा करावा, ‘दलित’ हा शब्द ठेवावा की नाही, यावरून तेथील भारतीय वंशाच्या लोकांतच तीव्र मतभेद झाले. परदेशी पाठ हा तटस्थ असतो ही समजूत त्यामुळे सोडून दिलेली बरी. कोणी, कोणासाठी, कोणत्या दबावाखाली लिहिले हे तेथेही विचारावेच लागते.

हाच प्रश्न विचारण्याची पद्धत शिकविणारे साहित्य माझ्या मते सर्वांत चांगला प्रवास करते. स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या इतिहासाच्या पाठांत माँटगमेरी बस बहिष्काराचा पाठ आहे. हा बहिष्कार डिसेंबर १९५५ ते डिसेंबर १९५६ असा ३८१ दिवस चालला. रोझा पार्क्स यांनी जागा सोडण्यास नकार दिला आणि आंदोलन पेटले, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. पण जो ॲन रॉबिन्सन यांनी २१ मे १९५४ रोजी, म्हणजे दीड वर्ष आधीच, बहिष्काराची शक्यता महापौरांना पत्राने कळविली होती. असे मूळ कागद समोरासमोर ठेवले की आंदोलन आकस्मिक नव्हते, त्यामागे स्त्रियांची संघटना होती, हे विद्यार्थी स्वतः शोधतो. हा पाठ आपल्याकडे जसाच्या तसा वापरला तर नववीच्या मुलांचा अर्धा तास अलाबामा कोठे आहे हे समजण्यात जाईल. पद्धत तीच ठेवून कागद मात्र १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचे घ्यावेत, म्हणजे २० मार्चच्या आधी कोणी काय तयारी केली होती हे मुले स्वतः शोधू लागतील.

एक साधन मात्र असे आहे की जे दोन्ही देशांत सारखेच घरचे आहे. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. भारतातील अस्पृश्य आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीय यांच्या स्थितीतील साम्य नमूद करून, संयुक्त राष्ट्रांकडे सादर झालेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागविल्या. ड्यू बॉइस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी सहानुभूतीपूर्वक उत्तर दिले. ही दोन्ही पत्रे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील संग्रहाने डिजिटल स्वरूपात उपलब्ध केली आहेत. मूळ कागदावर कोणा परदेशी शिक्षकाचे भाष्य चिकटलेले नसते. भाष्य आपण करावयाचे असते. केवळ एक टीप जोडावी लागेल : त्या काळी रूढ असलेला कृष्णवर्णीयांविषयीचा शब्द आज अवमानकारक मानला जातो, तसाच ‘अस्पृश्य’ हा शब्दही. वंश आणि जात यांतील साम्य किती आणि भेद किती, ही चर्चा मग आपोआप सुरू होते.

आता परवान्याकडे वळू. विनामूल्य म्हणजे मुक्त नव्हे. ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या परवान्यांचे अनेक प्रकार आहेत आणि शेवटची अक्षरे वाचल्याशिवाय कोणत्याही साहित्याला हात लावू नये. ‘बीवाय’ म्हणजे मूळ कर्त्याचा उल्लेख करावा. ‘एसए’ म्हणजे आपण केलेली आवृत्तीही त्याच अटीवर द्यावी. ‘एनसी’ म्हणजे व्यापारी वापर नको. (जाहिराती असलेल्या स्मरणिकेत असा मजकूर छापावा काय, हा प्रश्न संपादक मंडळाने आधीच सोडवून ठेवावा.) सर्वांत घातक अक्षरे ‘एनडी’ ही होत. त्यांचा अर्थ बदललेली आवृत्ती प्रसृत करू नये असा आहे, आणि भाषांतर हा बदलच असतो. मराठी शाळेच्या दृष्टीने असे साहित्य काचेच्या कपाटातील वस्तूसारखे आहे. नकाशांचेही भान ठेवावे. परदेशी नकाशांत काश्मीर व अरुणाचलच्या सीमा वेगळ्या दाखविलेल्या असतात आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी विसंगत नकाशा प्रसिद्ध करणे आपल्याकडे गुन्हा आहे.

इंटरनेट जेथे दुपारी असते आणि संध्याकाळी नसते, तेथे ज्याची प्रत उतरवून घेता येत नाही ते साधन वसतिगृहाच्या अभ्यासवेळेसाठी निरुपयोगी समजावे, मग ते कितीही सुंदर असो.

हा सारा विचार उलट दिशेनेही लागू पडतो. हंगेरीतील शायोकाझा या गावी रोमा समाजातील मुलांसाठी डॉ. आंबेडकरांच्या नावाने शाळा २००७ पासून चालते. हिणविल्या गेलेल्या एका युरोपीय समाजाने बाबासाहेबांकडे आपले म्हणून पाहिले आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी चवदार तळ्यावर तयार केलेला पाठ तेथे पाठवावयाचा झाल्यास काय करावे लागेल? माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात असलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी यात हात घालावा. तळे सार्वजनिक असूनही पाणी का नाकारले जात होते, हे तेथील मुलाला पहिल्या दोन वाक्यांत कळले पाहिजे. १९२३ चा बोले ठराव आणि महाड नगरपालिकेने त्यानंतर केलेला ठराव यांवर स्वतंत्र टीप हवी. छायाचित्रांखाली ती कोणाची आणि कधीची हे लिहिलेले हवे. बदल करण्यास मोकळीक देणारा परवाना पहिल्याच पानावर हवा. आणि तारीख आकड्यांत न देता ‘२० मार्च १९२७’ अशी महिन्याच्या नावासह लिहावी.