ट्रॅक्टर व पिकअपच्या डिफरन्शियलसाठी तेल निवडताना

भीमेच्या एका काठाला शिरूर तालुका आणि दुसऱ्या काठाला दौंड. मांडवगण फराटा घ्या की पारगाव, नदीकाठची जमीन काळी आणि पीक प्रामुख्याने उसाचे. गळीत हंगामात फडातून भरलेली ट्रॉली बाहेर काढताना ट्रॅक्टरचे एक चाक ओल्या सरीत गरगर फिरते आणि दुसरे जागचे हलत नाही, हा अनुभव आपणा सर्वांना आहे. त्या वेळी मागच्या हौसिंगमधील दातेचक्रांवर किती ताण येतो याचा विचार सहसा होत नाही. इंजिनचे तेल आपण चौकशी करून, कंपनी पाहून घेतो. हौसिंगच्या बाबतीत मात्र "नव्वद नंबर टाका" एवढे मिस्त्रीला सांगून मोकळे होतो. हा नव्वद नंबर काही ट्रॅक्टरला योग्य आहे आणि काहींना घातक आहे. भर हंगामात क्राऊन-पिनियन गेले तर दुरुस्तीच्या खर्चाबरोबर तोडलेला ऊस फडात वाळतो. ब्रेक गेले तर काय होते, हे सांगायला नको.

प्रथम डिफरन्शियलचे काम समजून घ्यावे. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, म्हणून दोन्ही चाके वेगवेगळ्या गतीने फिरू देण्याची सोय त्यात असते. परंतु यात एक खोड आहे. ज्या चाकाला पकड कमी, त्याला लागतो तेवढाच जोर दुसऱ्या चाकालाही मिळतो. त्यामुळे एक चाक चिखलात घसरले की दुसरे कोरड्यावर असूनही उपयोग होत नाही. यावर ट्रॅक्टरमध्ये डिफरन्शियल लॉक असतो. पेडल दाबले की दोन्ही चाके एकत्र फिरतात. मोटारी व जीपसारख्या काही गाड्यांत हेच काम आपोआप करणारे डिफरन्शियल बसवतात. त्याच्या एका प्रकारात क्लच प्लेटा असतात आणि एक चाक जादा फिरू लागले की त्या परस्परांवर घासून त्याला आवरतात. या प्लेटा तेलातच बुडलेल्या असतात, म्हणून तेलाची निवड इथे फार महत्त्वाची ठरते.

नंबर आणि जीएल

डब्यावर दोन गोष्टी वाचाव्यात. पहिली एसएई नंबर. हा फक्त तेलाचा दाटपणा सांगतो, दर्जा सांगत नाही. गिअर तेलाचा ९० नंबर इंजिनच्या ४० नंबरपेक्षा दुपटीहून दाट असेल असा समज आहे, तो चुकीचा आहे. दोन्ही मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. गिअर तेलाचा ९० नंबर हा इंजिन तेलाच्या ४० ते ५० नंबरच्या आसपासच असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० अंशांपर्यंत जातो आणि थंडीत बर्फ काही पडत नाही, त्यामुळे ९० किंवा ८०डब्ल्यू-९० यांपैकी पुस्तिकेत असेल ते चालते. १४० नंबर दाट म्हणून जास्त चांगला असे मात्र नाही. कारखान्याने सांगितला असेल तरच तो घालावा.

दुसरी गोष्ट म्हणजे एपीआयचा दर्जा, जीएल-४ किंवा जीएल-५. पिकअप व जीपच्या मागच्या धुऱ्यात पिनियन हे क्राऊनच्या मध्यरेषेपेक्षा खाली बसवलेले असते. याला हायपॉइड गिअर म्हणतात. यात दाते एकमेकांवर नुसते दाबले न जाता घसरतही जातात आणि मधला तेलाचा थर पुसला जातो. अशा वेळी दाते वाचवण्यासाठी तेलात गंधक व स्फुरदयुक्त रसायने मिसळलेली असतात. दाब व उष्णता वाढली की त्यांचा पातळ लेप धातूवर तयार होतो. जीएल-५ मध्ये या रसायनांचे प्रमाण जीएल-४ पेक्षा बरेच जास्त असते. म्हणून हायपॉइड धुऱ्याला जीएल-५ हवे. मात्र काही जीएल-५ तेले पितळ व कांस्याच्या भागांना त्रास देतात. त्यामुळे पिकअपच्या धुऱ्याचे उरलेले तेल पुढच्या गिअर बॉक्समध्ये ओतून संपवू नये.

क्लच प्लेटांचे डिफरन्शियल असेल तर साधे जीएल-५ पुरत नाही. प्लेटा अडखळत सुटतात आणि वळणावर मागून कट-कट असा आवाज व हादरे येतात. त्यासाठी घर्षण आटोक्यात ठेवणारे द्रव्य मिसळलेले तेल मिळते, किंवा ते द्रव्य वेगळ्या बाटलीत मिळते. पण ते सर्वच गाड्यांत घालायचे नसते. केवळ दातेचक्रांवर चालणाऱ्या प्रकाराला त्याची गरज नाही. शिवाय ते जास्त झाले तर प्लेटा पकडच घेत नाहीत. गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिले असेल तेच खरे मानावे.

तेलात बुडालेले ब्रेक

आता ट्रॅक्टरकडे वळू. येथेच सर्वांत जास्त चुका होतात. जुन्या ट्रॅक्टरचे ब्रेक कोरडे होते आणि हौसिंगच्या तेलाशी त्यांचा संबंध नव्हता. तेथे ९० नंबर निर्धास्त चालत असे. आता बऱ्याच ट्रॅक्टरना तेलात बुडालेले ब्रेक असतात. त्यांच्या प्लेटा मागच्या हौसिंगमधील तेलातच फिरतात. अनेक ट्रॅक्टरमध्ये तेच तेल हायड्रॉलिक पंपालाही जाते. म्हणजे एकाच तेलाने दाते सांभाळायचे, ब्रेकला योग्य घर्षण द्यायचे आणि नांगरही उचलायचा. यासाठी खास ट्रॅक्टर ट्रान्समिशन तेल असते, ज्याला यूटीटीओ म्हणतात. हाताला ते ९० नंबरपेक्षा पातळ लागते. "एवढे पातळ तेल दाते खाईल" असे म्हणून काही मिस्त्री ते काढून जीएल-५ भरतात. मग ब्रेक दाबताना कर्कश आवाज येऊ लागतो, प्लेटा गुळगुळीत होतात आणि पेडलवर पूर्वीपेक्षा जास्त जोर द्यावा लागतो. सपाट रानात हे जाणवत नाही. रोटी घाटासारख्या उतारावर मागे उसाचे दोन ट्रेलर असतात तेव्हा ते जाणवते, आणि तेव्हा तेल बदलायला वेळ नसतो.

आपल्या ट्रॅक्टरचे ब्रेक कोरडे की तेलातले, हे माहीत नसल्यास विक्रेत्याकडे मॉडेलचे पूर्ण नाव सांगून खात्री करावी. एकाच मॉडेलमध्ये दोन्ही प्रकार येतात, त्यामुळे शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवरून अंदाज बांधू नये. चुकीचे तेल भरले गेले असल्यास वरून थोडे बरोबरचे घालून भागत नाही. सर्व तेल काढून गाळणी साफ करावी आणि नव्याने भरावे.

तपासणी

पातळी पाहताना ट्रॅक्टर सपाट जागी, इंजिन बंद करून थोडा वेळ उभा ठेवावा. तेल कमी असणे वाईट, तसेच जास्त असणेही वाईट. कोरडे ब्रेक असलेल्या ट्रॅक्टरमध्ये जादा तेल सील ओलांडून ब्रेकच्या अस्तरावर येते. हौसिंगवरील हवेचे छिद्र चिखलाने बुजले तरी आत दाब वाढून हेच होते. सील बदलूनही गळती थांबत नसेल तर आधी हे छिद्र पाहावे. ही तक्रार आपण समजतो त्यापेक्षा जास्त आढळते.

ओढा किंवा नदीच्या पाण्यातून ट्रॅक्टर गेला असेल तर तेल जरूर तपासावे. थोडे तेल काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवावे. पाणी असल्यास तळाशी बसते. तेल ताकासारखे पांढरट झाले असेल तर वाट न पाहता बदलावे, मग तास भरलेले असोत वा नसोत. एरवी बऱ्याच ट्रॅक्टरना हे तेल सुमारे १००० तासांनी बदलायचे असते. नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा. तेल काम संपल्यावर, गरम असतानाच काढावे, म्हणजे गाळही निघून येतो. ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावर बारीक काळी भुकटी दिसते. ती पुसून टाकावी, त्यात काळजीचे कारण नाही. पण बोटाला टोचतील असे चकचकीत तुकडे दिसले तर तेल भरण्याआधी हौसिंग उघडून दाते व बेअरिंग पाहून घ्यावे.

डिफरन्शियल लॉक चाक वेगाने फिरत असताना दाबू नये. आधी क्लच दाबून चाक थांबवावे, नंतर लॉक लावून सरळ रेषेत निघावे आणि वळण्यापूर्वी तो सुटला आहे याची खात्री करावी. दात तुटण्याचे मोठे कारण हेच आहे आणि त्यावर कोणतेही महाग तेल उपाय करू शकत नाही.

सुटे तेल स्वस्त मिळते, पण त्याचा दर्जा कोणता हे सांगणारा डबाच नसतो, तेव्हा ते घेऊ नये. बंद डबा घेताना सील पाहावे आणि पावतीवर तेलाचे पूर्ण नाव लिहून घ्यावे. तीच पावती तेल बदलल्याच्या तासांसह पुस्तिकेत ठेवली की पुढच्या वेळी मिस्त्रीला तोंडी सांगावे लागत नाही. काढलेले तेल विहिरीजवळ किंवा चारीत ओतू नये. डब्यात साठवून जुने तेल गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावे.