जुन्या छायाचित्रांची पारख

परिसर-अभ्यासासाठी गावची जुनी छायाचित्रे आणावयास मुलांना सांगितले, म्हणजे घराघरांतून चांगला संग्रह जमतो. मालवण किनाऱ्यावरील शाळांना तो विशेष मोलाचा. समुद्राने किनारा कोठवर खाल्ला, बंदर पूर्वी कसे दिसे, हे सांगणारा दुसरा पुरावा पुष्कळदा नसतोच. परंतु हल्ली बहुतेक चित्रे मोबाइलवरून येतात. त्यांपैकी फिल्मवरून स्कॅन केलेले कोणते व मुळातच डिजिटल कोणते, हे शिक्षकाने आधी ठरवावे.

चित्र खूप मोठे करून त्यातील आकाश न्याहाळावे. कृष्णधवल फिल्मवरील प्रतिमा चांदीच्या सूक्ष्म कणांची असते. हे कण लहानमोठे व कसेही विखुरलेले असल्यामुळे आकाश रवाळ दिसते. डिजिटल चित्रात अंधाऱ्या जागी बहुधा तांबडे-हिरवे ठिपके उठतात. चौकटी मात्र दोन्हींत दिसतात, कारण स्कॅनरही चित्राचे चौकटींतच तुकडे पाडतो. चौकटींवरून निर्णय करणे ही नेहमीची चूक होय.

धुळीची साक्ष त्याहून बोलकी. निगेटिव्हवरील धूळ प्रकाश अडविते. तिची काळी खूण चित्र सुलटे करताना पांढरी होते. स्लाइडवरील धूळ काळीच राहते. हा उलगडा मुलांकडून करवून घ्यावा. त्यात विज्ञानाचा एक पाठ आपोआप होतो.

फाइलमधील नोंदीही पाहाव्यात. कॅमेऱ्याचे नाव व शटरचा वेग आढळल्यास चित्र बहुधा डिजिटल. स्कॅनरने घातलेली तारीख मात्र स्कॅनची असते: १९७० सालच्या चित्रावर २०१५ दिसू शकेल. संदेशातून फिरलेल्या चित्रांतील नोंदी पुष्कळदा गळून पडतात. तेव्हा घरच्या मंडळींकडे मूळ प्रतच मागावी.

रवाळपणा व ओरखडे आता मोबाइलवरही चढविता येतात. शिवाय फिल्म आजही वापरात आहे. फिल्मचे चित्र म्हणजे जुनेच, असे नव्हे. म्हणून शेवटी दृश्यालाच विचारावे. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील शिवछत्रपतींच्या पहिल्या पुतळ्याचे अनावरण ४ डिसेंबर २०२३ रोजी झाले व २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. २०२५ साली तेथे नवा पुतळा उभा राहिला. पहिला पुतळा उभा दिसत असेल, तर चित्र कितीही पिवळे व ओरखडलेले असो, ते त्या नऊ महिन्यांतलेच.